मटारांचा कोट

आमच्या गोठवलेल्या मटारांच्या कारखान्यात माणसांवर कुणाचा विश्वास नाही, कोटांवर आहे. कोल्ड रूमच्या दाराबाहेर अकरा खुंट्या, अकरा जाड निळे कोट. आत जाताना घालायचा, बाहेर आल्यावर टांगायचा. शनिवारी दोन वाजता सुपरवायझर खुंट्या बघतो, अकराही भरलेल्या दिसल्या की दिवे घालवून दार लावतो आणि घरी जातो. दार उघडतं ते थेट सोमवारी.

त्या शनिवारी एका पेटीवर चिठ्ठी लावायची राहिली होती. 'एक मिनिट तर लागतंय' म्हणत मी बिनकोटाची आत गेले. शहाणपणा नडला.

धाडकन दार लागलं आणि काळोख झाला. आतून दार उघडायचा दांडा महिनाभर बर्फाने जाम झालेला. तक्रार मीच केली होती, सुपरवायझर 'बघू' म्हणाला होता. फोन कोटाच्या खिशात. घसा बसेपर्यंत ओरडले, मुठी सोलून निघाल्या, पण वीतभर जाड दारापुढे माझं काय चालणार? आत उणे अठरा, माझ्या अंगावर सुती कपडे. सोमवारी मी त्यांना मटारांइतकीच कडक सापडले असते. मला मरायचं नव्हतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. घरी सासूबाई आणि मी, आणि भांडायलासुद्धा आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नाही.

सासूबाई रोज सकाळी पवित्र शास्त्र मोठ्याने वाचतात. मी चहा गाळता गाळता 'आमेन' म्हणते. मनात डब्याची भाजी. लग्न नवं असताना त्यांनी वाचलं होतं की देव आपल्या माणसांभोवती कोट होऊन राहतो. मी फिस्सकन हसून विचारलं, "आई, कुठल्या मापाचा?" दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

आता ते आठवलं आणि मला देवाचाच राग आला. "माझा कोट बाहेर टांगलाय," मी दात वाजवत म्हटलं. "तू होणार होतास ना? मग हो की!"

काही झालं नाही. पंख्याचा वारा तेवढा तोंडावर येत राहिला. मी रडले. तेच वचन पुन्हा म्हटलं, भांडायला नाही, धरायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून. चार-पाचदा म्हटल्यावर 'भोवती' या शब्दापाशी अडखळले. भोवती! अगं बये, अंगात घालायचा कोट नव्हे, किल्ल्याचा कोट! भिंतींचा!

मग उठले. चाचपडत पेट्या ओढल्या, कोपऱ्यात स्वतःभोवती छातीइतक्या उंच रचल्या. रिकामी खोकी फाडून खाली अंथरली, वर पांघरली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले. वारा लागेनासा झाला. बोटं मात्र बधिर झाली होती, झोप अंगावर येत होती. झोपू नये म्हणून मी वचन मोठ्याने म्हणत राहिले. दार उघडेल की नाही, ठाऊक नव्हतं. पण त्या मटारांच्या कोटात मी एकटी नाही, एवढं मला पक्कं कळत होतं.

साडेतीनला प्रार्थनासभेला न्यायला मी आले नाही, म्हणून सासूबाई सुपरवायझरच्या घरी जाऊन धडकल्या होत्या. "आजी, अकराच्या अकरा कोट जागेवर आहेत, ती कधीच गेली," तो म्हणाला. "मग दार उघडायला तुझं काय जातंय?" असं म्हणून त्यांनी त्याला दंडाला धरून आणलं. हे मला नंतर कळलं.

दिवे लागले. सासूबाईंनी पेट्या ढकलल्या आणि मला छातीशी घट्ट कवटाळलं.

"आई, तुम्हाला भरवसा होता ना, मी सापडेन म्हणून?"

"कसला भरवसा, पोरी! वाटभर रडत होते. तोंडात वचन, आणि डोळ्यांपुढे तुझी शवपेटी."

"मग आलात कशा?"

"तशीच. रडत आणि म्हणत. रडू थांबायची वाट बघितली असती, तर तू गेली असतीस."