गुरुवारची फिरनी

आमच्या लंकरान शहरातल्या गल्लीत गुरुवारी संध्याकाळी पीठ भाजल्याचा वास सुटतो. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, ते हलवा करतात. तो वास मेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणे. आमच्या घरात मात्र तीस वर्षं पीठ भाजलं गेलं नाही. माझी सासू तुकेझबान दर गुरुवारी फिरनी करायची.

माझा नवरा वुगार लढाईवर गेला तो गेलाच. प्रेतही आलं नाही. निघताना आईला म्हणाला होता, "परत येईन तेव्हा फिरनी तयार ठेव." बस्स. तेवढ्यावर म्हातारीने तीस वर्षं काढली आणि मलाही काढायला लावली. फिरनीचा वाडगा त्याच्या जागेवर ठेवायचा, वर दालचिनीची पूड, आणि सकाळी तो शेजारच्या पोरांना द्यायचा. मला चमचाभरही नाही.

"तो आला की त्याच्या शेजारी बसून खा," म्हणायची.

लग्नानंतर अकरा महिने काय तो संसार झाला. पुढे विधवेचा काळा रुमाल बांधायची सोय नाही आणि दुसरं घर करायचीही नाही. कधीकधी वाटायचं, बाबा रे, मेला असशील तर एकदाचं कळव तरी. हो, वाटायचं. खोटं कशाला बोलू?

परवाच्या गुरुवारी एक अधिकारी दारात आला. टोपी हातात धरलेली. त्या टोपीकडे बघूनच मी काय ते समजले.

"आत या," सासू शेगडीपाशी उभी राहूनच म्हणाली. "पण माझा हात थांबणार नाही हं. तांदळाचं पीठ आहे, लगेच तळाला धरतं."

तो बिचारा उभ्यानेच बोलला. गेल्या वर्षी सासूने तपासणीसाठी दिलेल्या रक्ताशी, रणात सापडलेली हाडं जुळली होती. दफन शनिवारी होतं.

"पुढचा दात अर्धा तुटलेला होता का?" तिने विचारलं.

"होता, आजी."

ती ढवळत राहिली. तो गेला तरी ढवळतच राहिली.

मी दुसऱ्या शेगडीवर कढई चढवली, लोणी घातलं, पीठ घातलं. तीस वर्षं तिने अडवलेला वास घरभर पसरला. आता ही कढई उलथून टाकणार म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते.

"मेहपारा, आच कमी कर," ती म्हणाली. "पोराला करपलेला हलवा पाठवतेस का?"

आणि तिचा स्वतःचा हात थांबला. दूध तळाला लागल्याचा वास आला तरी तिने पातेलं उतरवलं नाही. खूप वेळाने गॅस बंद केला, वाडगा भरला, वर दालचिनी भुरभुरली आणि तो वुगारच्या जागेवर न ठेवता माझ्यासमोर ठेवला.

"खा," म्हणाली. "आता कुणासाठी थांबायचं?"

फिरनी करपून कडू झाली होती. मी सगळी खाल्ली.