लाल ठिपका

खट्. भिंतीपलीकडे चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लागला आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं.

मित्रांनो, मी एक जुनं, मोडकं विमान आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसानेच मला या गॅरेजमध्ये बनवलं. उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे. जाण्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे.

घरात त्यांना बाबा आणि त्यांच्या बायकोला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला घडवायचे. पाच वर्षं लागली. माझं कापड आईने शिवलं आणि घरच्याच इस्त्रीने पंखांवर ताणून बसवलं. शेजारचे काका कुंपणावरून विचारत, "काय हो, हे उडवणार, की यावर कपडे वाळत घालणार?"

"आधी कपडे," बाबा म्हणत. "जमलं तर उडवू."

माझ्या अंगात शेकडो नट. एक नट आवळून झाला की बाबा म्हणत, "झालं." मग आई नट आणि त्याखालची पट्टी दोन्हींवर येईल असा नेलपॉलिशचा लाल ठिपका लावी. आवळल्याशिवाय लाल नाही, हा नियम. तो घरात इतका मुरला, की त्यांच्या छोट्या लेकीने, छकुलीने, दात घासले की तिच्याही अंगठ्यावर ठिपका उमटे. नाही घासले तर ती कितीही रडली तरी नाही.

एका दुपारी शेपटीतले शेवटचे चार नट उरले होते. तीन झाले. चौथ्यावर पाना घसरायला लागला, म्हणून बाबा दुसरा पाना आणायला घरात गेले. तेवढ्यात तापाने फणफणलेली छकुली रडत उठली. आईच्या हातात ब्रश होता, नेलपॉलिश वाळत चाललं होतं. येऊन आवळतीलच, असं म्हणत तिने चौथा ठिपकाही लावून टाकला आणि धावली.

बाबा आले. चार नट, चार लाल. त्यांना वाटलं, चौथाही मघाशीच झाला. त्यांनी पाना पेटीत ठेवून दिला. मला तोंड असतं, तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

मी उडालो. शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या, पेपरात फोटो आला. दोन उड्डाणं त्या नेलपॉलिशनेच नट धरून ठेवला. तिसऱ्या वेळी तो गळून पडला. माझं नाक खाली गेलं ते वर आलंच नाही.

बाबा वाचले. पाय आता नुसते दिसायला आहेत. नट चिखलात हरवला. तपासणीवाल्यांनी लिहिलं, नट आवळायचा राहून गेला. बाबांनी ते मान्य केलं. "ठिपके मी मोजले होते," ते अजून म्हणतात, "एक सुटला असणार नजरेतून." आता त्यांचा स्वतःच्या हातांवर विश्वास नाही. गॅस बंद केला, तरी ते आईला बघून यायला सांगतात.

त्यांचा धाकटा भाऊ येतो तेव्हा हसतो. "वहिनी, दादाच्या हाती बाटलीचं झाकणसुद्धा देऊ नका हं."

बाबाही हसतात. आई चहाचे कप उचलून आत जाते. तिला सगळं आठवतं, हे मला ठाऊक आहे. बाबा झोपले की ती इथे येते, माझ्या शेपटीपाशी बसते आणि तशीच उठून जाते. पहिल्या दिवशी खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. आता दोन वर्षं झाली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. विमान असो की सायकल, काम पुरं झाल्याशिवाय झाल्याची खूण करू नका. आणि हातून झालीच चूक, तर त्याच दिवशी सांगून टाका.

आत्ता आई गॅरेज आवरते आहे. छकुली माझ्या शेपटीत डोकं घालून पट्टीवरचा वाळलेला चिखल नखाने खरवडते आहे.

"आई, इथे अर्धा लाल ठिपका आहे."

आईच्या हातातला झाडू थांबला. भिंतीपलीकडे ब्रेक निघाला आणि चाकं दाराच्या दिशेने यायला लागली.

"बाबांनी हा नट आवळलाच नव्हता ना?" छकुलीने विचारलं. "मग ठिपका कोणी लावला?"