फाट्यावरचे दोन हॉर्न

२०२२ सालचा मार्गशीर्ष. सकाळी साडेदहाला चाकूरच्या फाट्यावर भुजंगने सवयीने दोन हॉर्न दिले, ट्रक कडेला घेतला आणि लातूरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात फोन लावला.

"अप्पा, चाकूर आलं. घरचा काय निरोप?"

कुठली गाडी कुठल्या मालावर पाठवायची ते ठरवणारे राजशेखरअप्पा तिकडून बोलले. "काय न्हाई. चल गपगुमान. दोनच्या आत नांदेड गाठ, न्हाई तर मिलवाले माल घ्यायचे न्हाईत."

"माय लई खोकत होती काल."

"म्हातारी टणक हाय रे. चल."

घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पण एकदा गाडी चालवताना सिंधूचा, म्हणजे बायकोचा फोन घेतला आणि ट्रक पुलाच्या कठड्याला घासला. तेव्हापासून भुजंग गाडीवर असताना घरचा फोन घेत नसे, गाडी थांबवून ऑफिसशीच बोले. सिंधू निरोप अप्पांना सांगे, अप्पा भुजंगला. पोरगी झाल्याचंही त्याला अप्पांनीच कळवलं होतं. पेढाही पहिला त्यांनीच खाल्ला होता.

दोनला गाडी रिकामी झाली. मग अप्पांचा फोन आला.

"माल उतरला का?"

"हाव."

"मग घराकडं निघ, भुजंगा. तुझी माय गेली. आत्ताच कळलं मला."

घरी सिंधू भिंतीला टेकून बसली होती.

"साडेनवालाच अप्पास्नी सांगितलं व्हतं, आत्याबाईंचा जीव घाबरा झालाय म्हणून. म्हणले, भुजंगला कळवलंय, येऊन राहिलाय."

भुजंग खाली बसला.

"तुमचा हॉर्न आयकला त्यांनी. म्हणल्या, आला बघ, दार उघड. म्या दार उघडून हुबी राहिले. गाडी गेली पुढं. त्या दाराकडंच बघत व्हत्या, अकरापस्तोर."

तेराव्याला अप्पा आले. "गाडी इथंच थांबली असती तर माल परत आला असता रे," एवढंच बोलले. भुजंगने त्यांना पाणी दिलं आणि ट्रकची किल्ली तांब्याशेजारी ठेवली.

अप्पांनी पुढे लातुरात स्वतःचं ऑफिस काढलं. भुजंगसारखा ड्रायव्हर पुन्हा मिळाला नाही, असं ते अजून सांगतात. सिंधू आता थेट नवऱ्यालाच फोन लावते. भुजंग चाकुरात दुधाचा टेम्पो चालवतो. फोन वाजला की टेम्पो कडेला घेतो, इंजिन बंद करतो, मगच उचलतो. संध्याकाळी टेम्पो फाट्यावरच लावतो आणि हॉर्न न देता चालत घरी येतो.