मिल्काबाईंची विळी

मी एक विळी आहे. साधी, आंब्याच्या पाटाची, टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असलेली. मुरबाडच्या एका कॉलेजात, पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटात सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या पुढ्यात एक चिठ्ठी ठेवली आहे. तीत जे लिहिलंय ते अगदीच खोटं नाही, पण ते वाचून माझ्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून बोलते.

धसईच्या एका लोहाराने माझं पातं घडवलं आणि बाजाराच्या दिवशी मला फडक्यावर मांडलं. नागावकरांच्या घरच्या सासूबाईंनी मला उचललं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि नव्या सुनेसाठी घरी नेलं. सुनेचं नाव मिल्का. ती अलिबागकडची, खाडीकाठी वाढलेली. नवरा एलिझर मुरबाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक.

हे लोक बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. कित्येक पिढ्यांपूर्वी समुद्रावरून आले, तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले आणि इथलेच झाले. मटणात दूध घालायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला, हलवाही नारळाच्या दुधाचाच. त्या घरात मला कधी सुट्टी मिळाली नाही. देवधर्म मात्र बेताचाच. एलिझर शनिवारीही ड्युटीवर जायचा. मिल्का म्हणायची, "देवाचं मला इचारू नका, ते ठाण्याला सिनेगॉगात इचारा. जेवणाचं इचारा, गाण्याचं इचारा."

बरीच वर्षं कुणी विचारलंच नाही. एलिझर गेला. मुलगी दीना लग्न होऊन इस्रायलला, अश्दोदला गेली. घरात आम्ही दोघीच उरलो.

मग एक दिवस संघरत्ना आली. कॉलेजात मराठी शिकवायची, तासिका तत्त्वावर. तिनं एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला होता: बेने इस्रायलांची भाषा, गाणी आणि स्वयंपाक. धर्म नव्हे, रोजचं जगणं.

"मावशी, वर्गात येऊन शिकवाल?"

"मी? मी सातवी नापास, गो."

"पुस्तकातलं मी सांगीन. तुमचं तुम्ही सांगा."

त्या दिवसापासून दर गुरुवारी मिल्काबाई रिक्षाने कॉलेजात जाऊ लागल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत मी. वर्गात टेबल बाजूला सारून त्या जमिनीवर बसायच्या, माझ्या पाटावर पाय ठेवायच्या आणि नारळ खवता खवता बोलायच्या. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा का करतात, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला मेंदी कशी लावतात, एलिझरची आजी शेजारणीशी कुठल्या शब्दांत भांडायची. पोरं हसायची. संघरत्ना फळ्यावर शब्द लिहायची आणि त्यांचे धागे सोडवून दाखवायची: हा हिब्रूतला, हा आपल्या आगरी बोलीतला, हा कुठला ते अजून सापडलेलं नाही.

मिल्काबाईंना विसर पडू लागलाय, हे मला आधी कळलं. एकच वाटी त्या परत परत खवायच्या. पांढरं संपून करवंटी खरवडली जायची, तरी हात थांबायचा नाही.

एका गुरुवारी त्यांनी मेंदीचं गाणं धरलं:

"हाती मेंदी ओली गो, नको धरू दार,
मागं राह्यली आई, पुढं खाडीपार..."

आणि गप्प झाल्या. पुढची ओळ येईना. वर्ग थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडल्या. डोळे भरून आले.

तेव्हा मागच्या बाकावरून राही उठली. वैशाखरे गावाच्या वर, डोंगरातल्या आदिवासी वाडीतली मुलगी. वर्गात सहसा बोलायची नाही. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या वाडीत पन हीच चाल हाय." आणि तिनं हळूच गायलं:

"डोंगराच्या वाटं गो, सोडू नको हात,
आयेच्या चुलीवरी शिजं नवा भात."

मिल्काबाईंचा चेहरा उजळला. "हा, हा! हेच ते!" त्या राहीसोबत गाऊ लागल्या. ते तेच नव्हतं, हे संघरत्नाला कळत होतं. पण तिनं त्यांना थांबवलं नाही. नंतर मुलांना एवढंच म्हणाली, "माझी आजी बाबासाहेबांची गाणी गायची ना, ती जात्यावरच्या जुन्या चालीतच. चाल कुणाची, हे विचारायचं. पण गाणारीला उठवून नाही."

मात्र तिनं ते जसं घडलं तसंच लिहून ठेवलं. पहिल्या ओळी मिल्काबाईंच्या, पुढच्या राहीच्या वाडीतल्या. अभ्यास म्हणजे असाच, असं ती मानायची.

वर्षाच्या शेवटी अभ्यासक्रम तपासायला शहरातून एक प्राध्यापक आले. मिल्काबाईंनी त्यांच्यासाठी हलवा करून नेला. त्यांनी मन लावून खाल्ला, कौतुक केलं. मग संघरत्नाचे कागद चाळले.

"आजी, हिब्रू येतं?"

"नाय. सासऱ्यांना यायचं."

"प्रार्थना?"

"थोड्या. मला गाणी येतात, जेवण येतं, शिव्या येतात."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. संघरत्नाला म्हणाले, "या गाण्यातल्या निम्म्या ओळी आदिवासी आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. बाकी सगळं कोकणी. मग यात ज्यू काय आहे?"

संघरत्ना उत्तराला तोंड उघडणार, तेवढ्यात मिल्काबाईंनी खवणं थांबवलं.

"मी हाय ना," त्या म्हणाल्या. "मी बसलीय ना हितं."

प्राध्यापकांनी कागद मिटले.

पुढच्या जूनमध्ये अभ्यासक्रम बंद झाला. संघरत्नाच्या तासिकाही दुसऱ्या कुणाला गेल्या. ती कल्याणला एका क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली. पण दर गुरुवारी परतताना मिल्काबाईंच्या दारात उतरायची.

"आलीस? वर्गाला उशीर नाय ना झाला?" बाई विचारायच्या.

"नाही मावशी. सुरू करा."

मग मिल्काबाई माझ्या पाटावर पाय ठेवून शिकवायच्या. समोर एकटी संघरत्ना, मांडी घालून. दर गुरुवारी तोच हलवा, तीच सासू, तेच गाणं. ती दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी मान हलवायची. एवढं मोठं खोटं एवढ्या मायेनं बोललेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

मग दीना आली. आईला एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. तिचंही चुकलं नाही. सामान बांधताना मिल्काबाईंनी मला बॅगेत घातलं. दीनानं बाहेर काढलं. "आई, तिकडं नारळाचं दूध डब्यात मिळतं. हे कुठं नेतेस?"

बाईंनी हट्ट केला नाही. मला फडक्यात गुंडाळून संघरत्नाच्या हातात दिलं. "वर्गात ठेव, पोरी. गुरुवारी लागेल."

संघरत्नाला तेव्हाही खरं सांगवलं नाही. "ठेवते," म्हणाली. आणि शब्द पाळायला मला खरोखरच कॉलेजात देऊन आली.

तिथं मी आधी अडगळीत होते. पुढे ग्रामीण जीवनाचं दालन निघालं आणि पाभर, कंदील, मापटं यांच्या रांगेत मला जागा मिळाली. चिठ्ठीवर लिहिलंय: 'विळी (जुनी). देणगीदार: अज्ञात.' संघरत्नानं ती बदलावी म्हणून अर्ज केला. बदलू म्हणाले.

मध्यंतरी ती आली होती. कपाटाला कुलूप होतं. काचेवर हात ठेवून उभी राहिली. "मावशी गेल्या," म्हणाली. "दीनाचा फोन आला होता. शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हत्या." मग घरी जायला धसईची जीप पकडायला निघून गेली.

आता माझं पातं गंजलंय. नारळ फोडल्याचा वास या खोलीत कधी येत नाही. मुलं येतात, मोबाइलवर फोटो काढतात, कंदिलाकडे वळतात.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर ती चिठ्ठी वाचून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा आणि 'मिल्का एलिझर नागावकर' एवढं नाव मोठ्यानं म्हणा. काचेआडून मला ऐकू येतं.