पिल्लूबाबाचा कौल

हॉस्पिटलसमोरच्या लॉजचा व्हरांडा सकाळपासूनच पायांनी भरून गेला होता. निळसर पडलेले पाय, पट्ट्यांत गुंडाळलेले पाय, खुर्चीवर टेकवलेले, बायकोच्या नाहीतर मुलीच्या मांडीवर घेतलेले. पायांचे मालकही मागे कुठंतरी होते, पण त्यांची विचारपूस करायला कुणाला सवड नव्हती. सगळ्यांचे डोळे एका टोपलीवर खिळले होते. टोपलीत कोंबडीची पिल्लं होती आणि ती म्हणे भविष्य सांगायची.

समोरच्या इमारतीत एक नवा उपचार चालू होता. ज्यांच्या पायाचं रक्त आटत आलंय, त्यांच्याच कमरेच्या हाडातून मूळपेशी काढायच्या आणि पोटरीत सुईनं टोचायच्या. जमलं तर बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाय वाचतो. नाही जमलं तर कापावा लागतो. कुणाला जमेल हे तिथल्या डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगत नसत. पिल्लूबाबा सांगायचा.

त्याची रीत ठरलेली होती. रोग्यानं पडद्यामागं झोपायचं आणि फक्त पाऊल बाहेर काढायचं, कारण रडका चेहरा बघून पिल्लाचं मन दुखतं. मग बाबा पावलाशी एक पिल्लू सोडायचा. ते बिलगून गप्प बसलं की पेशी रुजणार. चिवचिवाट करत पळालं की पाय गेलाच समजा. मग सुई टोचून पेशींना चिडवू नका, घरी जा आणि बाबाचा लेप लावा. लेपाच्या डब्या टोपलीशेजारीच रचून ठेवलेल्या असत.

"पेशी म्हणजे तरी काय? शरीराचं पिल्लूच," बाबा समजावून सांगायचा. "पिल्लाला पिल्लाची भाषा कळते. डॉक्टरांच्या मशीनला पिसं आहेत का?"

लोक एकमेकांकडे बघून कबूल करायचे, की नाहीत.

बूटकाकांच्या पावलाला आदल्या दिवशी नकार मिळाला होता. काका बूट शिवायचे, त्यांचं मशीन पायानं चालायचं, आणि त्यामुळं पाय गेला तर पोटच गेलं. सुईचा दिवस उद्यावर आला होता आणि हा गृहस्थ पिशवी भरून, लेपाची डबी उराशी धरून बसला होता. पिल्लाला काय वैर आहे का माझ्याशी, एवढंच त्यांचं म्हणणं. काकूंनी आधी समजूत घातली, मग अबोला धरला, मग पुन्हा बोलून भांडण केलं. काका काही बधेनात.

पण काकूंनी एक गोष्ट पाहिली होती. काकांच्या पावलापासून पळालेलं ते पिल्लू व्हरांड्यातून तडक चहावाल्याच्या किटलीपाशी गेलं आणि तिला बिलगून डोळे मिटून बसलं. आता किटलीच्या पेशी रुजणार की काय, असं काकूंच्या मनात आलं. आणि तिथंच त्यांची ट्यूब पेटली.

काकूंनी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन किटलीची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, रक्त ऊब घेऊन येतं, म्हणून रक्त कमी तो पाय गार, आणि कोंबडीच्या पिल्लाला हवी असते ऊब. पण जखमेत पू झाला तरी पाय गरम लागतो. म्हणजे सडत चाललेल्या पायालाही पिल्लू आनंदानं बिलगेल. मग ज्यांना नकार मिळाला त्यांचं काय झालं, हे काकूंनी विचारलं.

"ते सुई घ्यायला आलेच नाहीत," बाई म्हणाल्या. "लेप लावत घरी बसले. आले ते कापायची वेळ झाल्यावर. बाबाचं भाकीत खरं ठरलं नाही काकू, त्यानं ते खरं करून घेतलं. आणि काकांच्या पायाला शेक देऊ नका हं. बधिर पाय आहे, भाजलेलं कळायचं नाही."

"त्यांच्या पायाला नाही हो द्यायचा," काकू म्हणाल्या.

वेळ जावा म्हणून काकांनी आपल्या कामातला, बूट चढवून शिवायचा लाकडी पाय सोबत आणला होता. काकूंनी त्याच्या तळव्याला गरम पाण्याची चपटी बाटली बांधली, वरून पट्टी गुंडाळली, आणि पडद्यामागं स्वतः आडव्या होऊन ते पाऊल ऐटीत बाहेर सरकवलं.

पिल्लू धावत आलं, तळव्याशी अंग चोरून बसलं आणि पेंगायला लागलं. बाबानं डोळे मिटले. या पावलात पेशी नुसत्या नाचताहेत, महिन्याभरात हा रोगी पळायला लागेल, असं त्यानं जाहीर केलं. व्हरांड्यात आनंदीआनंद झाला. काकू पडदा बाजूला करून उठल्या आणि ते पाऊल उचलून त्यांनी बाबाच्या हातात दिलं.

बाबा क्षणभरच गांगरला. मग म्हणाला, लाकूडसुद्धा एकेकाळी जिवंत झाड होतं. आणि काय सांगावं, निम्मा व्हरांडा माना डोलवू लागला. एका भल्या माणसानं तर याला पालवी कधी फुटेल म्हणून विचारलं. काकूंनी कपाळावर हात मारला. पट्टी सोडून बाटली काढली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. पिल्लू लाकडी पाय सोडून चिवचिवत बाटलीमागं गेलं. काकूंनी बाटली पुन्हा हलवली, पिल्लू पुन्हा मागं. टोपलीतली बाकीचीही उतरून वरातीत सामील झाली. मग मात्र कुणीतरी हसलं, आणि हसू एकदा फुटलं की कुठल्याही बाबाला ते आवरत नाही.

हसले नाहीत ते काका. ते लंगडत डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मग तुम्ही सांगा. वाचेल का?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कातडीपर्यंत प्राणवायू किती पोचतो ते मोजलंय, साखर आटोक्यात आहे, सिगारेट तुम्ही सोडलीत. आशा बरी आहे. खात्री नाही. सुई घेतली नाही तर मात्र ही आशाही राहणार नाही."

काकांनी डबी कचऱ्याच्या बादलीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी सुई घेतली.

पुढं त्यांची दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. लॉजवरची माणसं म्हणू लागली, बघा, बाईंचाच शब्द खरा निघाला. पिल्लूबाबा गेला, आता बाईंच्या पाया पडायची तयारी सुरू झाली. काकूंनी त्यांना तिथंच थांबवलं. कुणी छातीठोक भविष्य सांगितलं, तर त्यानं नकार दिलेल्या माणसांना आधी शोधा आणि त्यांचं काय झालं ते विचारा, असं त्या म्हणाल्या.

"आणि बाईंचं म्हणाल, तर यांचं पाऊल गेलं असतं तरी त्या खऱ्याच होत्या. माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणाल्या."