सातवी खुंटी

"वाचायचं काय त्यात? सही करा आणि मोकळ्या व्हा," असं म्हणत सेक्रेटरींनी कागद माझ्यापुढे सरकवला. पेनाचं टोपणही त्यांनीच काढून दिलं. एकतीस वर्षांत या नेमबाजीच्या क्लबात मला कुणी बसायला खुर्ची दिली नव्हती. आज खुर्ची होती, पेन होतं, आणि पाण्याचा पेलाही भरून ठेवलेला होता.

मी वाचलंच. चारच ओळी होत्या. सात नंबरची ठासणीची रायफल शनिवारी नीट साफ केली नव्हती, नळीत जुना मळ राहिला होता, त्यामुळे रविवारी पाहुण्यांसमोर बार काढताना नळी फुटली, आणि याला शस्त्रागारात साफसफाई करणारी बाई, म्हणजे मी, जबाबदार आहे. खाली सहीच्या जागी बारीक फुली मारून ठेवली होती. मला जणू अक्षरओळख नाही.

जवळ उभ्या असलेल्या क्लबाच्या माळ्याचा डावा डोळा गेला, हे मात्र त्या चार ओळींत मावलं नव्हतं.

"नोकरी जाणार नाही तुमची," सेक्रेटरी म्हणाले. "समज देऊन सोडू. कंत्राटदारसाहेबांचं नाव कुठं यायला नको, एवढंच. हा पॅव्हेलियन त्यांनी बांधून दिलाय, बाई."

"आणि सात नंबर फोडली, ती पण त्यांनीच."

"हळू बोला."

"का? ते झोपलेत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी उठले आणि शेजारच्या शस्त्रागारात गेले. सेक्रेटरी मागोमाग आले. भिंतीवर सात खुंट्या आहेत. सहांवर पांढरी चिंधी होती. सातवी रिकामी.

आता हे चिंध्यांचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच आहे. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओततात, वर ओल्या चिंधीत गुंडाळलेली गोळी ठेवतात आणि गजाने ठासत ठासत ती तळाशी दारूवर नेऊन टेकवतात. ही जुनी काळी दारू भारी घाण करते. तिचा मळ हवेतली ओल ओढून घेतो. बार काढला त्या दिवशी नळी धुतली नाही, तर दोन दिवसांत आतून गंज. म्हणून नळी लाकडी दस्त्यापासून सोडवायची, तिचं बूड बादलीत ठेवायचं, उकळतं पाणी ओतायचं, आणि गजाला चिंधी लावून भात्यासारखं वरखाली करायचं. पहिलं पाणी शाईसारखं निघतं. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, पांढरी निघेपर्यंत. मग तेलाचा हात. शेवटची पांढरी चिंधी त्या बंदुकीच्या खुंटीवर अडकवायची आणि पुढच्या धुण्यापर्यंत तिथेच ठेवायची, ही माझ्या बाबांची रीत. ते इथेच हे काम करत. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी आले. बाबा म्हणायचे, "आपण सही करत नाही, चिंधी टांगतो." सभासद मला चिंधीबाई म्हणतात ते यावरून. त्यांना वाटतं मला ते नाव लागतं. मला त्यांचं हसणं लागतं.

"सातव्या खुंटीवरची चिंधी कुणी काढली?" मी विचारलं.

"मला काय माहीत? पडली असेल वाऱ्याने."

"खिडकी एकतीस वर्षं बंद आहे साहेब."

फुटलेली नळी टेबलावर आडवी पडली होती. केळीचं साल सोलावं तशी एका बाजूने उलगडलेली. मी तोंडापासून फाटीपर्यंत वीत टाकली. दीड वीत भरली.

"हे बघा. दारू असते तळाशी. नीट ठासलेली असती तर तळाशी फुटली असती, नाहीतर फुटलीच नसती. ही फुटली दीड वितीवर. का? तर गोळी तिथंच अडकली होती. खाली गेलीच नव्हती. मळ होता, मी कुठं नाही म्हणते? पण तो शनिवारचा नव्हता. पाच बार काढले त्यांनी रविवारी, मध्ये एकदाही नळी पुसली नाही. तो मळ त्यांचाच."

सेक्रेटरींनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते स्वतः तीस वर्षं नेमबाजी करतात. मी काय म्हणते ते त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, आणि माझा खरा संताप तिथेच होता. न कळणाऱ्याला समजावता येतं.

"बाई, सही नसेल करायची तर उद्यापासून येऊ नका. किल्ल्या संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर द्या. आणि ही नळी उद्या भंगारात जाईल." एवढं बोलून ते गेले.

रविवारचं सगळं मी मनात रोज शंभरदा बघते. मैदानावर दोरी बांधलेली असते. दोरीच्या पुढे सभासद आणि पाहुणे, मागे आम्ही. माझे कपडे तेलकट असतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून मी दोरी ओलांडायची नाही, असा लेखी नियम आहे. माळ्याला त्या दिवशी पांढरा कोट चढवून सरबताचे ट्रे फिरवायला लावलं होतं, म्हणून त्याला परवानगी होती. कंत्राटदार पाहुण्यांना किस्से सांगत एकेक बार काढत होता. चौथ्या बाराला गज जड जायला लागला, हे मला वीस पावलांवरून त्याच्या खांद्यावरून कळलं. पाचव्यानंतर मी ओली चिंधी ट्रेमध्ये ठेवली आणि माळ्याला म्हटलं, "जा, साहेबांना सांग, नळी पुसून घ्या."

तो गेला. कंत्राटदाराने चिंधी बघितली आणि ट्रे कोपराने बाजूला सारला. माळी बिचारा तिथेच डाव्या हाताला उभा राहिला, निरोप पोचला नाही तर परत कसं जायचं म्हणून. कंत्राटदाराने गोळी घातली, गज ठासला. गजावर पितळेचं कडं आहे. गोळी तळाशी बसली की कडं नळीच्या तोंडाशी येतं. ते हातभर वर राहिलं होतं. लहान मूलही सांगेल.

"थांबा!" मी ओरडले. "गोळी बसली नाही! थांबा!"

"चिंधीबाईंना आज सरबत द्या रे कुणीतरी," कंत्राटदार म्हणाला. सगळे हसले. त्याने गज उपसला, नेम धरला आणि चाप ओढला.

त्याच्या तळहाताला खरचटलं. माळ्याच्या डोळ्यात लोखंड गेलं. पंचवीस माणसं होती तिथे. एकाच्याही कानात मळ नव्हता, पण माझं ओरडणं कुणी ऐकलं नाही म्हणतात. बंदूक ठासायची अक्कल नाही आणि म्हणे नळी घाण! नाचता येईना अंगण वाकडं. कंत्राटदारावर माझा राग आहे, सेक्रेटरीवर आहे, त्या पंचवीस तोंडांवर आहे. पण सगळ्यांत जास्त माझ्यावर आहे. दोरी कमरेएवढीसुद्धा उंच नव्हती. मी ती ओलांडली नाही. माळ्याला पाठवलं.

क्लबातून मी सरळ दवाखान्यात गेले. पाणी मला माळीच आणून द्यायचा. बागेमागे त्यांची खोली आहे, तिथली चूल नेहमी पेटलेली असायची. शनिवारीही उकळत्या पाण्याच्या किटल्या दाराशी आल्या होत्या, कामात मी मान वर करून पाहिलं नव्हतं. म्हणजे मी धुतलं, याला एक साक्षीदार होता, आणि तो मला ताई म्हणायचा.

त्याचं अर्धं डोकं पट्टीत होतं. माळीणबाई उशाशी उभी होती.

"शनिवारी पाणी आणून दिलं होतंस ना रे मला? तेवढं सांग साहेबांना. बाकीचं मी बघते."

त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, "ताई, ते सकाळीच येऊन गेले."

"कोण?"

"सेक्रेटरीसाहेब. मी लिहून दिलंय. शनिवारी पाणी दिलं नाही म्हणून."

मी त्याला काय काय बोलले ते लिहायला लाज वाटते. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस म्हणाले, डोळा गेला तो गेला, जीभ कुठे गेली म्हणाले. वॉर्डमधली माणसं बघायला लागली.  माझं संपल्यावर तो म्हणाला, "डोळा एकच गेलाय ताई. पोटं तीन आहेत. एका डोळ्याचा माळी दुसरं कोण ठेवणार?" आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

माळीणबाईने माझ्याकडे पाहिलं. "ताई," तिने विचारलं, "चिंधी घेऊन यांना पुढं तुम्हीच पाठवलं होतं?"

"हो."

"बंदुकीचं काही खरं नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," म्हटलं आणि निघाले. रस्ताभर मला एकही वाहन दिसलं नाही की माणूस दिसलं नाही, इतकी मी पेटले होते. शिव्या द्यायच्या होत्या एकाला आणि दिल्या भलत्याला. तोही गरीब सापडला म्हणून.

किल्ल्या ठेवायला आणि बाबांचा पितळी गज घ्यायला दुपारी क्लबात परत आले. तो गज आमचा आहे, क्लबाचा नाही. शस्त्रागार उघडलं तर वास आला, सकाळी रागात तो जाणवला नव्हता. सडक्या अंड्यासारखा, न धुतलेल्या दारूचा. रविवारी सातही रायफली चालल्या होत्या. मला दोन दिवस चौकशीच्या खोलीबाहेर बसवून ठेवलं होतं, आणि नळी धुवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी एक नंबरच्या नळीत करंगळी घातली. नखाला तांबूस लागलं.

गंजू देत, म्हटलं. सडू देत सगळ्या. माझं काय जातंय? उद्या पाहुणे येतील तेव्हा दाखवा त्यांना. दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथून परत फिरले ते काही चांगुलपणाने नाही. माझ्या हाताखालून गेलेली नळी गंजलेली सापडली असती, तर त्यांचा तो कागद खरा झाला असता. मी पदर खोचला, बादली ओढली आणि एक नंबर दस्त्यापासून सोडवली. नळाचं पाणी गार होतं. गार पाण्याने मळ सुटतो, पण नळी तापत नाही, मग आतून वाळत नाही. तरी घासत होते. हात चालत होते आणि तोंडही चालत होतं.

दारात कुणीतरी किटली ठेवली. वाफ येत होती. माळीणबाई होती.

"गार पाण्याने होत नाही ना ते?" ती म्हणाली.

"तू दवाखाना सोडून कशाला आलीस?"

"झोपलेत ते." तिने किटली उचलली आणि मी धरलेल्या नळीत पाणी ओतलं. धार अगदी सरळ पडली, एक थेंब सांडला नाही. हे काम तिने आधी बघितलेलं होतं. बादलीत काळं पाणी उतरायला लागलं.

आवाज ऐकून सेक्रेटरी आले. "हे काय चाललंय? कुणाच्या परवानगीनं? आणि ही इथं कशी?"

"पाणी आणलंय," माळीणबाई म्हणाली. "शनिवारी पण मीच आणलं होतं. हे गुलाबांना पाणी घालत होते, मला म्हणाले तू जा. दोन किटल्या आणून दाराशी ठेवल्या. सातवीची चिंधी टांगली ती पण दारातून बघितली मी."

"तुझ्या नवऱ्यानं काय लिहून दिलंय ते माहीत आहे ना? खोली कुणाची आहे ते माहीत आहे ना?"

"त्यांनी लिहून दिलं. मला कुठं कुणी विचारलं?" तिचा आवाज कापत होता, किटली मात्र हलत नव्हती. "आता विचारा."

सेक्रेटरींनी विचारलं नाही. ते फोन करायला गेले. कुणाला, ते सांगायला नको.

मी तिला म्हटलं, "खोली जाईल तुमची."

"जाईल." मग नळीत पाणी ओतता ओतता, माझ्याकडे न बघता, "तुम्ही त्यांना पाठवायला नको होतं ताई."

"नको होतं. मी जायला हवं होतं."

"हं," ती म्हणाली. तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने पुढची किटली आणली.

सहा नळ्या धुऊन झाल्या. जुन्या चिंध्या काढून नव्या टांगल्या. एक आणि चार नंबरला खूप घासावं लागलं, पण शेवटी दोन्ही पांढऱ्यावर आल्या. माळीणबाईने एक कोरी चिंधी उचलली आणि रिकाम्या खुंटीकडे बोट केलं. "इथं लावू?"

"धुतल्याशिवाय नाही लावायची."

फुटलेली नळी मी टेबलावरून आणली. उद्या भंगारात जाणारी. तिने पाणी ओतलं आणि ते तळाशी जाण्याआधीच फाटीतून बाहेर आलं, आमच्या दोघींच्या पायांवर. चटका बसला. दोघीही मागे सरलो नाही. वाकडी धरून, थोडं थोडं ओतून, तळाचाही मळ काढला. मग कोरड्या चिंध्या. प्रत्येक चिंधी दीड वितीवर अडकायची, मी बाबांचा गज हलकेच फिरवून ती सोडवायची. काळी आली, करडी आली, पिवळट आली. नववी फाटीच्या कडेला लागून मधोमध चिरली गेली, पण पांढरी होती.

ती मी सातव्या खुंटीवर टांगली. किल्ल्या सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवल्या, त्या चार ओळींच्या कागदावर. फुलीपुढची जागा मोकळीच होती. माळीणबाई बाहेर रिकामी किटली घेऊन उभी होती. मैदानावर रविवारची दोरी अजून तशीच बांधलेली होती. फाटकाकडे जायचा रस्ता त्या दोरीला वळसा घालून जातो. आम्ही वळसा घातला नाही.