घराखालची थंडी

अफानासी प्रोकोप्येविचची उभी हयात लोकांच्या घरांखाली गेली. याकुत्स्कची घरं खांबांवर आणि खांब गोठलेल्या मातीत. माती गोठलेली राहावी म्हणून घराखाली कंबरभर मोकळी जागा सोडतात आणि तिच्यातून सगळा हिवाळाभर वारा वाहू देतात. अफानासीनं त्या जागेत रांगत शिरायचं, खांबाशेजारच्या नळीत तापमापक सोडायचा आणि आकडा लिहून आणायचा. एवढ्या कामावर त्याचे केस पिकले होते.

डिसेंबरातल्या एका दुपारी, बाहेर उणे त्रेचाळीस असताना, तो एका पाच मजली घरापाशी आला आणि थबकला. शिरायला फटच नव्हती. घराच्या बुडाला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, त्यांच्यावर बर्फ चोपून बसवलेला, वरून पाणी शिंपडून तो घट्ट केलेला. काम इतकं नेटकं की कुणाच्या हातचं ते विचारायची गरज नव्हती. त्याच घराच्या तळमजल्यावर त्याची थोरली बहीण मारफा राहायची.

एक फळी उचकटून तो आत घुसला. आत चक्क ऊब होती. तापमापक वर ओढला तर आकडा निघाला उणे शून्य पूर्णांक तीन. दोन वर्षांपूर्वी ह्याच नळीत उणे तीन होतं. अजून जराशी ऊब मिळाली असती तर मातीचा चिखल झाला असता आणि खांबांनी आपापल्या सवडीनं खाली जायला सुरुवात केली असती.

मारफानं दार उघडलं ते अनवाणी.

"ये, अफोन्या. बूट काढ आणि फरशीवर पाय ठेवून बघ. म्हटलं, ह्याच्या लक्षात तरी येतंय का!"

"एजीय," थोरल्या बहिणीला याकूत भाषेत मारायची हाक त्यानं मारली, "हे काय करून ठेवलंस?"

"आईनं गावात करायची तेच की. हिवाळ्याआधी भिंती शेणमातीनं लिंपायच्या, बुडाशी कट्टा घालायचा. इथे शेण कुठून आणू? म्हणून बर्फ. फळ्या तिसऱ्या मजल्यावरच्या रोदियोननं दिल्या. शेजारणी मला म्हणतात, मारफा प्रोकोप्येव्ना, तुमच्यामुळे आमची लेकरं पहिल्यांदा खाली बसून खेळली."

"घर बुडेल अशानं."

"कुणाचं?"

"तुमचंच. खालची माती वितळायला आलीय."

मारफानं चहात दूध ओतता ओतता हात आवरला. "म्हणजे लाखो माणसांचं शहर, आणि म्हातारीचे पाय गरम झाले की कोसळणार? कुठल्या दीडशहाण्यानं वसवलं रे हे? आपलं गावातलं घर नाही बुडालं ते!"

"बुडायचं. दर चार-पाच वर्षांनी बाबा कोपरा उचलून खाली ओंडका सरकवायचे, तू कंदील धरायचीस. इथे पाच मजले आहेत. कोण उचलणार?"

"मग मला गावाला सोड."

"गावात यंत्र आहे?"

मारफानं दुधाचं भांडं खाली ठेवलं. तिची दोन्ही मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यायला जावं लागे आणि ते यंत्र होतं इथल्या इस्पितळात. जिने चढवत नाहीत म्हणून अफानासीनंच खटपट करून तिला हा तळमजला मिळवून दिला होता. दक्षिणेकडून आलेली माणसं त्याला चिडवत, इथे शहर वसवायला डोकं फिरलं होतं का तुमचं? त्याचं उत्तर ठरलेलं असे. अशा थंडीत एकटा माणूस मरतो, पुष्कळ माणसं एकत्र आली की नळातून गरम पाणी येतं, डॉक्टर येतो, यंत्र येतं. उत्तर आजही खरंच होतं, फक्त ते बहिणीसमोर उच्चारायची त्याची छाती होईना.

त्यानं मांडीवर कागद घेतला. मारफा त्याच्या हाताकडे बघत होती.

"खरं लिहिलंस तर?"

"घर धोकादायक ठरेल. चाळीस बिऱ्हाडं बाहेर. तुला शहराच्या कुठल्या टोकाला टाकतील देव जाणे."

"आणि एखादा आकडा फिरवलास तर?"

"तर उन्हाळ्यात जिना भिंतीपासून सुटेल. तेव्हा लेकरं जिन्यात असतील की घरात, मला सांगता येणार नाही."

"तिसरं काही सांग."

"फळ्या आजच काढायच्या. मार्चपर्यंत कडाक्याची थंडी आहे. तीच माती पुन्हा गोठवेल. खरा आकडा लिहितो, खाली कारण लिहितो, आणि मार्चमध्ये पुन्हा मोजेपर्यंत मुदत मागतो. साहेब ऐकेल माझं."

"आणि माझी फरशी?"

"होती तशी होईल."

"म्हणजे बर्फ."

"हो."

आपल्या तोंडून हे इतकं सरळ निघालं याची त्याला लाज वाटली. माझ्याकडे राहायला चल, असं म्हणावंसं वाटलं. पण तो स्वतः चौथ्या मजल्यावर राहत होता आणि लिफ्ट नव्हती.

मारफानं कोपऱ्यातले लोकरीचे बूट ओढून पायात घातले. "मग बसलायस काय? पहार घे. आणि शेजारणींना तूच सांग, मला शिव्या खायच्या नाहीत."

शिव्या अफानासीनं खाल्ल्या. रोदियोन पुटपुटत का होईना मदतीला आला. अंधार पडायच्या आत घराखालून वारा वाहू लागला.

साहेबानं मुदत दिली. जानेवारीत उणे एक भरलं, फेब्रुवारीत उणे दोनच्या आसपास. त्याच फेब्रुवारीत मारफाला न्यूमोनिया झाला. मार्चमध्ये तापमापक वर आला तेव्हा उणे दोन पूर्णांक सहा होतं. अफानासी गुडघे न झटकताच वर धावला.

मारफाचा पलंग गरम पाण्याच्या नळाला चिकटवला होता. अंगावर दोन गोधड्या, पायात तेच बूट. आवाज पार खोल गेला होता.

"किती?"

"उणे दोन पूर्णांक सहा. माती पुन्हा घट्ट झाली, एजीय. घर वाचलं."

"चला," मारफा म्हणाली, "आम्हा दोघांतल्या एकाची तब्येत तरी सुधारली."

अफानासीला हसू आलं नाही. ती मात्र खोकल्याची उबळ येईपर्यंत हसत राहिली.